गोडीचेही दप्तर ठेवावे

दीर्घकाळ दुखणे सोसणारा मनुष्य डॉक्टरांकडे गेला, की त्यास बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: शून्य ते दहा या मोजपट्टीवर आज दुखणे किती? तो सहा म्हणतो, आठ म्हणतो, क्वचित संकोचाने पाच म्हणतो, आणि त्या आकड्यावरून गोळी वाढते, घटते किंवा आहे तशीच चालू राहते. हा प्रश्न अनाठायी आहे असे मुळीच नाही. परंतु अफूपासून काढलेली अथवा अफूच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेली वेदनाशामके जो महिनोन्‌महिने घेत आहे, त्यास याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि कोणी विचारीत नसेल तर त्याने तो आपला आपणच विचारला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गेल्या आठवड्यात काय गोड वाटले, हा तो प्रश्न. सकाळचा चहा, नातवाचे बोबडे बोलणे, शेजाऱ्याशी झालेली वादावादी, रेडिओवर अवचित लागलेले जुने गाणे, यांपैकी कशात मन रमले, आणि कशात रमायला हवे होते पण रमले नाही, याचा हिशेब दुखण्याच्या आकड्याइतकाच औषधयोजनेच्या उपयोगी पडणारा आहे.

ज्यांचे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले आहे (वैद्यकशास्त्र अशाच दुखण्यास दीर्घकालीन वेदना म्हणते), मग ते मणक्याचे असो, गुडघ्याचे असो, नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेल्या आगीचे असो की सर्वांग ठणकविणाऱ्या फायब्रोमायल्जियाचे असो, आणि ज्यांच्या चिठ्ठीवर ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, परदेशी राहणाऱ्यांच्या बाबतीत ऑक्सिकोडोन, अथवा कातडीवर चिकटवावयाचा ब्युप्रेनॉर्फिनचा किंवा फेंटॅनिलचा पॅच आहे, त्यांच्याकरिता हा मजकूर आहे. आपल्याकडे अडचण अशी, की ट्रामाडॉल हे अफूच्याच कुळातले औषध आहे याची पुष्कळांस वार्ताही नसते. पॅरासिटामॉलशी जोडून ते सर्रास मिळते आणि घरात ते केवळ ‘गुडघ्याची गोळी’ म्हणून ओळखले जाते. म्हणून पाकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेली मूळ औषधांची नावे वाचावी, न कळल्यास औषधवाल्यास विचारावी, आणि मगच पुढील मजकूर आपणांस लागू आहे की नाही हे ठरवावे.

अफूचा शरीरावर अंमल चढतो, याचे कारण शरीर स्वतःच तशा जातीची द्रव्ये निर्माण करीत असते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी 1973 साली मेंदूतील पेशींवर अफूजन्य द्रव्ये जेथे जाऊन बसतात ती स्थाने दाखवून दिली; आणि निसर्गाने ही स्थाने खसखशीच्या बोंडाकरिता राखून ठेवली असतील हे संभवनीय नसल्याने, शरीराच्या स्वतःच्या द्रव्याचा शोध सुरू झाला. 1975 साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी ते द्रव्य हस्तगत केले. एन्केफॅलिन हे त्याचे नाव. ही स्थाने केवळ वेदनेच्या वाटेवर असती तर या लेखाचे प्रयोजनच उरले नसते. परंतु खाणे, स्पर्श, सोबत, हास्य आणि संगीत यांपासून जे सुख होते तेही याच स्थानांच्या आश्रयाने होते. फिनलंडमधील तुर्कू येथील संशोधकांनी 2017 साली असे दाखविले, की मित्रांच्या संगतीत विनोदी चित्रफिती पाहून मनमुराद हसल्यावर मेंदूत ही स्वदेशी अफू स्रवते. आणि त्याच वर्षी माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील एका लहान प्रयोगात ही स्थाने नाल्ट्रेक्सोन नावाच्या औषधाने तात्पुरती अडविली, तेव्हा आवडत्या गाण्यानेही माणसांची चित्तवृत्ती पूर्वीसारखी हलेना.

याच मॅकगिल विद्यापीठात 1954 साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म तार बसवून असे पाहिले होते, की विशिष्ट जागी विजेचा हलका स्पर्श मिळावा म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबतात. त्या सुखमार्गाचा तपशील पुढील काळात भरत गेला. मेंदूच्या मध्यभागातून निघणाऱ्या काही पेशी न्यूक्लिअस ॲक्युम्बन्स नावाच्या केंद्रात डोपामिन सोडतात. या पेशींवर दुसऱ्या काही पेशींचा सदैव पहारा असतो, आणि अफूजन्य औषध त्या पहारेकऱ्यांस निष्क्रिय करून डोपामिनास मोकळीक देते. ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी 2012 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात याहून एक सूक्ष्म गोष्ट आढळली: दुखणे नुसते थांबले, तरी त्या थांबण्यानेच हे केंद्र जागे होते. म्हणजे वेदनामुक्ती हेच एक पारितोषिक आहे. ज्यास गोळी घेतल्यानंतर हायसे वाटते आणि त्या हायसे वाटण्याचीच मनातून लाज वाटते, त्याने ही लाज सोडून द्यावी. त्याचा मेंदू जे करतो आहे ते कोणाही निरोगी प्राण्याचा मेंदू करील.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व सूचना त्यावर उभ्या आहेत. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी अनेक वर्षांच्या कामातून असे मांडले आहे, की एखादी वस्तू हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर गोड लागणे या मेंदूच्या दोन निराळ्या करामती आहेत. पहिलीत डोपामिनाचा वाटा मोठा, आणि दुसरीत शरीराच्या स्वतःच्या अफूजन्य द्रव्यांचा. व्यवहारात या दोन्ही एकत्र नांदतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. परंतु दीर्घ आजारात त्यांची फारकत होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2014 साली झालेल्या प्रयोगात, दीर्घकाळ वेदना सोसणारे उंदीर खाऊसाठी श्रम करण्यास निरोगी उंदरांपेक्षा लवकर कंटाळले, मात्र तोच खाऊ आयता पुढे ठेवला असता त्यांनी तो नेहमीइतकाच खाल्ला. हौस मेली होती, चव मेली नव्हती. या प्रयोगात औषधाचा संबंध नव्हता. ही करणी केवळ दुखण्याची होती. शिकागो येथे संशोधक आप्कारियन यांच्या प्रयोगशाळेने 2012 साली पाठदुखीच्या रुग्णांचे वर्षभर निरीक्षण केले, तेव्हा कोणाची पाठदुखी कायमची होईल याचे भाकीत या न्यूक्लिअस ॲक्युम्बन्सचा मेंदूच्या अग्रभागाशी असलेला संबंध पाहून बऱ्याच अंशी करता आले. तेव्हा दुखणे हे केवळ कमरेत किंवा गुडघ्यात राहत नाही, ते आवडीनिवडीच्या मुलखातही आपला अंमल बसविते. आणि ज्या बाई पूर्वी भिशीला सर्वांच्या आधी हजर असत त्या आता ‘नको बाई, कोण तयार होणार’ म्हणून घरी बसतात, तेव्हा त्यास आळस, तुटकपणा किंवा म्हातारपण अशी नावे देणाऱ्या घरच्यांनी थोडा धीर धरावा.

आता औषधाकडे वळू. प्रारंभीच्या दिवसांत दुखणे ओसरते, झोप लागते, माणूस घराबाहेर पडतो आणि गोडी परतल्यासारखी वाटते. हे सुख खोटे नसते. परंतु बाहेरून रोज येणाऱ्या द्रव्याची मेंदूस सवय होते, त्याच मात्रेने पूर्वीचा परिणाम होईनासा होतो, आणि सुखमार्गाच्या विरुद्ध बाजूस ताण, चिडचिड व अस्वस्थता उत्पन्न करणाऱ्या यंत्रणा जोर धरतात. व्यसनांचा शास्त्रीय अभ्यास करणारे जॉर्ज कूब यांनी या स्थित्यंतराचे सविस्तर विवेचन केले आहे. त्याचा लोकभाषेतला अर्थ इतकाच, की काही काळानंतर गोळी बरे वाटावे म्हणून न घेता वाईट वाटू नये म्हणून घेतली जाऊ लागते. काहींच्या बाबतीत तर औषधानेच वेदनेची संवेदना अधिक तीक्ष्ण होते, आणि वाढलेल्या दुखण्यावर उपाय म्हणून पुन्हा तेच औषध वाढते. एरिक गारलंड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासमालिकेत असे आढळले, की अफूजन्य औषधावर अवलंबून राहू लागलेल्यांची दृष्टी गोळ्यांच्या चित्राकडे क्षणार्धात ओढली जाते. आणि जे औषधाचा गैरवापर करू लागतात त्यांच्या मेंदूचा सुंदर देखावे, हसरे चेहरे, माणसांची जवळीक अशा चित्रांना मिळणारा विद्युत्‌प्रतिसाद मंदावलेला असतो. जगातील इतर सर्व सुखे फिकी पडत जातात, आणि एकच भडक राहते.

मात्र येथे थांबून, हाती आलेला पुरावा सोयीस्कर तेवढाच वाचण्याचा मोह आवरला पाहिजे. 2019 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटातील रुग्ण अफूजन्य औषधे घेत होते, दुसऱ्यातील घेत नव्हते, तिसरा गट निरोगी माणसांचा. तिन्ही मिळून पन्नासही माणसे नव्हती. एमआरआय यंत्रात निजवून त्यांच्याकडून एक खेळ खेळवून घेतला. पडद्यावर खूण उमटते, ती सांगते की आता चपळाईने कळ दाबल्यास इतके पैसे मिळतील किंवा जाणारे पैसे वाचतील. खूण दिसल्यापासून निकाल कळेपर्यंतच्या काळात मेंदूत काय घडते ते यंत्र टिपते. पैसे मिळण्याच्या अपेक्षेने न्यूक्लिअस ॲक्युम्बन्समध्ये उठणाऱ्या प्रतिसादात रुग्ण आणि निरोगी यांच्यात फरक दिसला नाही. फरक दिसला तो मेंदूच्या अग्रभागातील मध्यवर्ती पट्ट्यात, आणि तो अपेक्षेच्या उलट: औषध न घेणाऱ्या रुग्णांचा प्रतिसाद निरोगी माणसांहून निराळा होता, औषध घेणाऱ्यांचा मात्र निरोगी माणसांच्या जवळपास. आणि दोन्ही गटांतील रुग्णांचे दुखणे व मनःस्थिती साधारण सारखीच होती.

याचा अर्थ गोळी मेंदू दुरुस्त करते असा घ्यावयाचा काय? घाईने घेऊ नये. हा अभ्यास एका वेळी काढलेल्या छायाचित्रासारखा आहे. त्याच माणसांचे औषधापूर्वीचे चित्र उपलब्ध नाही, माणसे थोडी आहेत, आणि औषध घेणाऱ्यांपैकी काही जण दुसरीही औषधे घेत होते, हे खुद्द संशोधकांनीच नमूद केले आहे. शिवाय जे सतत पॅच लावून किंवा वेळेवर गोळी घेऊन बसले आहेत त्यांचा मेंदू औषध अंगात असताना निरोगी भासणे आणि औषध उतरल्यावर तो कसा वागतो, या दोन वेगळ्या हकीकती आहेत. परंतु त्याचबरोबर, अफूजन्य औषध घेतलेला प्रत्येक रुग्ण रसहीन होतो, त्याचा मेंदू बिघडतो, असे जे सरसकट बोलले जाते त्यासही या अभ्यासाने चांगलाच पायबंद घातला आहे. माझ्या मते यातून निघणारा व्यवहारोपयोगी धडा असा, की सरासरीवरून स्वतःचे भविष्य वाचू नये. एकास जे औषध पुन्हा आयुष्यात आणून सोडते तेच दुसऱ्यास आयुष्यातून उचलून नेते, आणि आपण कोणत्या पक्षात आहोत हे कोणत्याही यंत्रापेक्षा आपली रोजची टिपणेच आधी सांगतील.

त्याकरिता शंभर पानी साधी वही पुरेशी आहे. रात्री निजण्यापूर्वी दुखण्याचा आकडा लिहावा, औषध किती वाजता व किती घेतले ते लिहावे, आणि दिवसभरात केलेली एखादी न टाळता येणाऱ्या कामांपलीकडची गोष्ट लिहावी: देवळापर्यंत चालत गेलो, बहिणीस फोन केला, कोथिंबिरीच्या वड्या केल्या, क्रिकेटचा सामना पाहिला. मग त्या गोष्टीपुढे दोन उत्तरे द्यावी. करण्यापूर्वी ती करावीशी वाटत होती काय? आणि करताना गोड लागली काय? ही दोन उत्तरे मुद्दाम वेगळी ठेवावी, कारण वर सांगितलेली हौस आणि चव यांची फारकत येथेच पकडीत येते. करावेसे वाटत नव्हते पण केल्यावर बरे वाटले, अशी नोंद वारंवार दिसू लागली, तर समजावे की गोडीचा झरा शाबूत आहे, फक्त त्याच्यापर्यंत जाण्याची उभारी दुखण्याने हिरावली आहे. अशा माणसाने मनाची आज्ञा होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी ठरलेली लहानशी गोष्ट करीत जावे, आणि घरच्यांनी त्यास ‘येतोस का?’ असे विचारण्याऐवजी ‘चल’ म्हणावे. परंतु करावेसे वाटले नाही आणि करूनही काही वाटले नाही, वड्या मातीसारख्या लागल्या, नात मांडीवर बसली तरी मन दुसरीकडेच होते, अशा नोंदी दोन आठवडे लागोपाठ आल्या तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

तेथे गेल्यावर ‘बरे वाटत नाही’ एवढ्यावर न थांबता स्पष्ट सांगावे, की दुखणे कमी आहे पण कशातच रस राहिलेला नाही, आणि हे गोळी सुरू झाल्यापासून, किंवा मात्रा वाढल्यापासून झाले, की त्यापूर्वीपासूनच होते. कारण या लक्षणाच्या मुळाशी अनेक गोष्टी असू शकतात. दीर्घकाळ घेतलेल्या अफूजन्य औषधांनी स्त्रीपुरुष दोघांतही लैंगिक अंतःस्रावांचे प्रमाण उतरते, त्यामुळे कामेच्छा, उत्साह आणि स्नायूंची ताकद घटते. पुरुषांत हे रक्ताच्या साध्या तपासणीने कळते, आणि ही गोष्ट संकोचापायी वर्षानुवर्षे न बोललेली राहते. झोपेत श्वास अडखळत असेल तर दिवसभर मरगळ राहते, आणि ही औषधे तो दोष वाढवितात. खरेखुरे नैराश्य तर दीर्घ वेदनेच्या मागोमाग पुष्कळदा येते. यांपैकी प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. मात्र ट्रामाडॉल घेणाऱ्याने एक विशेष दक्षता घ्यावी: नैराश्यावरील पुष्कळशा गोळ्यांशी त्याचे पटत नाही, दोहोंच्या संयोगाने थरकाप, ताप, गोंधळ आणि फिट येण्याचा धोका असतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांस ट्रामाडॉलचे नाव आणि अस्थितज्ज्ञांस नैराश्याच्या गोळीचे नाव कळविण्याचे काम रुग्णाने स्वतःच्या अंगावर घ्यावे. आपल्याकडे दोन तज्ज्ञांची दप्तरे परस्परांस क्वचितच भेटतात.

वहीत आणखी एक गोष्ट शोधावी. गोळी नेमकी कशासाठी घेतली? कंबर धरली म्हणून, की सुनेशी बोलाचाली झाली म्हणून, झोप येईना म्हणून, किंवा संध्याकाळ जाईना म्हणून? दुखण्यासाठी दिलेले औषध दुःखासाठी वापरले जाऊ लागणे, ठरल्या वेळेआधी पाकीट संपणे, एकाच औषधासाठी दोन दुकाने धुंडाळणे, या खुणा पहिल्याप्रथम स्वतःस दिसतात. 2015 साली झालेल्या एका मोठ्या समालोचनात दीर्घकालीन वेदनेसाठी ही औषधे घेणाऱ्यांत गैरवापराचे प्रमाण साधारण 21 ते 29 टक्के, आणि व्यसनाचे 8 ते 12 टक्के आढळले. म्हणजे बहुसंख्य रुग्ण व्यसनी होत नाहीत, आणि तरीही धोका दुर्लक्ष करण्याजोगा नाही. येथे हेही सांगून टाकले पाहिजे, की औषध उशिरा घेतल्यास अंग मोडून येते, जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, एवढ्यावरून कोणी व्यसनी ठरत नाही. ती शरीराची सवय आहे आणि महिनोन्‌महिने नियमाने औषध घेणाऱ्या कोणासही ती लागते. व्यसन म्हणजे नुकसान डोळ्यांसमोर दिसत असतानाही घेण्याचा तगादा मनास न आवरणे.

मग एवढ्या खटाटोपाने घेतलेले औषध दुखण्यावर तरी कायमचे गुणकारी असते काय? अमेरिकेत 1996 साली ऑक्सिकोडोनचेच ऑक्सिकाँटिन हे औषध बाजारात आले आणि दीर्घकालीन दुखण्यावर ही औषधे निर्धास्तपणे लिहिली जाऊ लागली. त्या निर्धास्तपणाची किंमत त्या देशाने लाखो प्राणांनी चुकती केली, आणि औषध बनविणाऱ्या पर्ड्यू कंपनीने पुढे 2007 व 2020 साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. या सर्व काळात, वर्षभर औषध देऊन इतर उपायांशी तुलना करणारा भक्कम प्रयोग मात्र झालेला नव्हता. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. मिनिआपोलिस येथील माजी सैनिकांच्या दवाखान्यांतील 240 रुग्णांस, ज्यांची पाठ, खुबा किंवा गुडघा सतत दुखत होता, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत विभागून एकास अफूजन्य औषधे व दुसऱ्यास इतर वेदनाशामके बारा महिने दिली. हिंडण्याफिरण्याच्या व कामाच्या क्षमतेत दोन गटांत फरक पडला नाही. दुखणे तर अफूजन्य औषधे न घेणाऱ्या गटातच किंचित कमी राहिले. तेव्हा गुडघ्याच्या किंवा पाठीच्या जुनाट दुखण्यासाठी ही औषधे प्रथमच सुचविली जात असतील, तर व्यायाम, फिजिओथेरपी आणि साधी औषधे पुरती अजमावली गेली आहेत काय, आणि किती मुदतीनंतर कोणत्या सुधारणेच्या अभावी ही नवी गोळी बंद करावयाची, हे दोन प्रश्न सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

परंतु जे आधीपासूनच घेत आहेत त्यांनी हे वाचून उद्यापासून गोळी फेकून देऊ नये, ही ताकीद जितकी ठळक देता येईल तितकी द्यावीशी वाटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 साली असाच इशारा दिला, कारण ही औषधे लिहिण्याविषयीच्या 2016 सालच्या मार्गदर्शक सूचनांचा विपर्यास करून अनेक रुग्णांची औषधे एकाएकी तोडली गेली होती आणि त्यातून असह्य वेदना, मानसिक क्लेश आणि आत्महत्या ओढवल्या होत्या. 2022 च्या सुधारित सूचनांप्रमाणे, ज्यांनी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ औषध घेतले आहे त्यांची मात्रा महिन्यास दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवावी, मध्ये विसावा घेण्याची मुभा ठेवावी, आणि हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. मात्रा उतरत असताना काही आठवडे मन अगदी उदास, बेचव होते; ही अवस्था वहीत नोंदवून ठेवावी म्हणजे तीच कायमची आहे असा ग्रह होणार नाही. दारू किंवा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या या औषधांच्या जोडीने घेणे जिवावर बेतू शकते, कारण दोहोंच्या भाराने श्वासच मंदावतो. आणि जो एकदा मात्रा उतरवून बसला आहे त्याने जुनी मोठी मात्रा पुन्हा घेतल्यास तीच प्राणघातक ठरू शकते.

गोडी परत आणण्याचा काही अभ्यास करता येतो काय, याचे उत्तर होकारार्थी आहे. ज्यांचा उल्लेख वर आला त्या गारलंड यांनी आठ आठवड्यांचा एक पाठक्रम तयार केला आहे. त्यात श्वासावर चित्त ठेवणे, दुखण्याच्या जाणिवेचे बारीक घटक पाहत राहणे, आणि चांगल्या अनुभवाचा मुद्दाम, सावकाश आस्वाद घेणे, अशी अंगे आहेत. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, औषधाचा गैरवापर करणारे वेदनाग्रस्त असे 250 रुग्ण घेऊन या पाठक्रमाची तुलना साध्या आधारगटाशी केली. नऊ महिन्यांनंतर पाठक्रम केलेल्यांत गैरवापर बराच अधिक घटला होता, आणि दुखणे व उदासीही. त्याच संशोधकांच्या आधीच्या कामात सुंदर चित्रांना मेंदूचा मिळणारा प्रतिसादही या अभ्यासानंतर वाढलेला दिसला होता. घरच्या घरी करावयाचे ते इतकेच: दिवसातून पाच मिनिटे एकच सुखद वस्तू घ्यावी, मोगऱ्याचे फूल, गरम पेला, सकाळचे ऊन, जे असेल ते, त्याचा रंग, वास, ऊब, पोत एकेक करून न्याहाळावा, मन दुखण्याकडे धावेलच, धावले की न रागावता परत आणावे, आणि शेवटी डोळे मिटून, त्या वस्तूमुळे छातीत किंवा चेहऱ्यावर काही मऊपणा आला काय तो पाहावा. पहिले काही दिवस काहीच वाटणार नाही. ज्यांस जपाची किंवा पूजेची सवय आहे त्यांस हे फार परके वाटू नये, जरी येथे प्रयोजन पुण्याचे नसून पेशींच्या पुनर्शिक्षणाचे आहे. घरच्या पाच मिनिटांस आठ आठवड्यांच्या पाठक्रमाचे वजन येणार नाही हे कबूल. पण त्यास पैसा लागत नाही आणि त्याने कोणास बद्धकोष्ठ होत नाही.

घरच्यांची भूमिका नाजूक आहे. ‘सवय लागली तुला’ हे वाक्य टोमण्यादाखल उच्चारले गेले, की रुग्ण गोळ्या लपवू लागतो, आणि लपविलेल्या गोळ्यांचा हिशेब कोणासच राहत नाही. त्यापेक्षा पाकिटे एका ठिकाणी, मुलांच्या हाती न लागतील अशी कुलपात ठेवावी, आणि दिवसाची मात्रा काढून देण्याचे काम रुग्णाच्या संमतीने एकाने पत्करावे. खरोखरच तगादा आवरेनासा झाला असेल, तर ती गुन्ह्याची नव्हे, उपचाराची बाब आहे. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले ते गर्दच्या विळख्यातील तरुणांसाठी. डॉक्टरांच्या चिठ्ठीतून लागलेल्या सवयीचा रुग्णही अशा ठिकाणी तितक्याच हक्काने जाऊ शकतो. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसची 14416 ही दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीवाचून ते आणणे हा आता नुसता गैरशिस्तपणा राहिलेला नाही.

कर्करोगाच्या रुग्णास मात्र यातील कोणतीही भीती दाखवून मॉर्फिन नाकारू नये. नीमच व गाझीपूर येथे सरकारी अफूचे कारखाने असलेल्या या देशात, अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातील जाचक परवान्यांमुळे असंख्य माणसे तडफडत गेली. 2014 साली ते नियम सैल करण्यात आले. तेथे हिशेबाची वही तीच, फक्त तिचा निकाल बहुधा औषधाच्या बाजूने लागतो: दुखणे उतरले की माणूस बोलू लागतो, जेवू लागतो, भेटीस आलेल्यांस ओळख देऊ लागतो. इतरांनी निदान दर तीन महिन्यांनी वही घेऊन डॉक्टरांसमोर बसावे, आणि दुखण्याचा आकडा खाली आला असूनही गोडीचा रकाना रिकामाच असेल, तर औषध बदलावे, मात्रा उतरवावी, की दुसरे काही जोडावे, हे तेथेच, त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.